घरपट्टीची पावती आणि एक-चौदाचा उतारा

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात माझी मावशी राहते. घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं, मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. घरपट्टी ती न चुकता भरते आणि पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते. तळाच्या पावत्या इतक्या पिवळ्या पडल्यात की हातात घेताना कडा तुटतात. दोन वर्षांपूर्वी छप्पर बदलायचं ठरलं, त्यासाठी कर्ज काढायला बँकेत गेलो, आणि तिथं जागेची कागदपत्रं मागितली. मावशीनं डबाच समोर ठेवला. समोरच्या माणसानं दोन-चार पावत्या उलटसुलट पाहिल्या आणि सांगितलं, "ही घरपट्टी आहे आजी. मालकीचा कागद आणा."

परतताना बसमध्ये ती गप्प होती. मग एकदम म्हणाली, "चाळीस वर्षं पट्टी भरते रे मी. मग घर कुणाचं?"

मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं, तर थेट पणजी गाठली. मोठ्या कचेरीत मोठा साहेब असतो, तो सांगेल, एवढाच हिशेब. अर्धा दिवस रांगेत घालवल्यावर कळलं की आमचं काम डिचोलीतच होतं, घरापासून पंधरा मिनिटांवर, मामलेदार कचेरीत. त्या फेरीनंतर मी हा सगळा कारभार मुळापासून समजून घ्यायला बसलो. शिकलेली माणसंही इथं चुकतात, आणि चुकीच्या दारात गेलेल्या माणसाचा दिवस फुकट जातो, मजुरी बुडते. म्हणून जमेल तितकं सोपं करून लिहितो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आधी आपल्या डोक्यातला नकाशा जरा बाजूला ठेवावा. तिकडे जिल्हा म्हणजे मोठं प्रकरण असतं. आमचं अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. शेजारचा सिंधुदुर्ग हा एकटा जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे. १९६१ साली १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. त्या प्रदेशात गोवा हा मिळून एकच जिल्हा होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला आणि लोकांनी वेगळं राहणं निवडलं. ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे दोन जिल्हे झाले. एकाचं मुख्यालय पणजी, दुसऱ्याचं मडगाव.

पुढचं बरंच काही या लहान आकारातून उलगडतं. पर्वरीला विधानसभा आणि सचिवालय आहे, आणि राज्याच्या कुठल्याही टोकाहून सकाळी निघालेला माणूस तिथलं काम करून संध्याकाळी घरी पोचू शकतो. आमदार ४०, त्यामुळे प्रत्येकाचा मतदारसंघ एवढासा की आमदाराला वाड्यावाड्यातली माणसं नावानं ठाऊक असतात. मंत्री आणि गाव यांच्यात अंतरच कमी, म्हणून मधला जिल्हा हा थर आमच्याकडे पातळ राहिला. महाराष्ट्रात जिल्हा परिषद जे करते त्यातलं बहुतेक इथं राज्याची खातीच करतात.

जिल्हे कागदावर अलीकडे आले, तालुके मात्र लोकांच्या तोंडी शतकानुशतकं आहेत. त्यांची नावंच बघा. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, सत्तरी म्हणजे सत्तर गावं. बारदेशातही बारा लपलेला आहे असं जुनी माणसं सांगतात. गावं मोजून मुलखाला नाव द्यायची ही पद्धत पोर्तुगीज यायच्या आधीची. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी घेतली, १५४३ पर्यंत बारदेश आणि साष्टी घेतली. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हा मुलूख त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला, त्या नव्या काबिजादी. मराठी वाचनाची, भजनाची, नाटकाची परंपरा नव्या काबिजादीत इतकी घट्ट का, याचं एक कारण या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या फरकात आहे. कारभाराच्या लेखात हे सांगायचं कारण असं की आजही तालुक्याची हद्द ओलांडली की जमिनीचा इतिहास बदलतो, आणि जमिनीचा इतिहास बदलला की कागद बदलतात.

आज तालुके बारा आहेत. अकरा जुने, बारावा धारबांदोडा हा सांग्यातून वेगळा काढलेला. सांगे तालुका इतका पसरट आणि जंगलाचा की मोले-कुळ्याच्या माणसाला सांगे गावात येणं म्हणजे दिवसाचं काम होतं, म्हणून तो तोडला. हेच गाऱ्हाणं जिल्ह्याच्या पातळीवरही होतं. काणकोणच्या टोकाकडच्या माणसाला करमल घाट चढून-उतरून मडगावला यावं लागे. २०२५ सरता सरता सरकारनं तिसरा जिल्हा जाहीर केला तो यासाठी. धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण असे चार तालुके, मुख्यालय केपे, आणि नाव कुशावती. पणसायमळला जिच्या काठी जांभ्या दगडावर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत, तीच ही नदी. नाव उत्तम निवडलं आहे. आता तिथं पुरेशी माणसं आणि अधिकारही बसले पाहिजेत, नाहीतर फक्त पाटी बदलेल.

आता मूळ गोष्ट. गावात सरकार दोन वाटांनी पोचतं, आणि या दोन वाटा वेगवेगळ्या आहेत हे लक्षात न आल्यामुळे माझ्या मावशीसारख्यांची फरफट होते.

पहिली वाट महसुलाची. ती वरून खाली येते, आणि तिच्यावर कुणीही निवडून आलेलं नसतं. वर जिल्हाधिकारी, त्यांच्या हाताखाली उपजिल्हाधिकारी, तालुक्याला मामलेदार, मग मंडळ निरीक्षक आणि शेवटी तलाठी. महाराष्ट्रातला तहसीलदार तो आमचा मामलेदार. हा शब्द आम्ही टिकवून ठेवलाय. जिल्हाधिकाऱ्यांकडे कायदा-सुव्यवस्थेचे दंडाधिकारी म्हणून अधिकार असतात, निवडणुका घ्यायच्या असतात, पुरात किंवा दरड कोसळल्यावर मदत पोचवायची असते, सरकारसाठी जमीन संपादन करायची असते. शेतजमिनीवर घर बांधायचं तर लागणारी सनद इथूनच मिळते. जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो.

पण सामान्य माणसाचा खरा संबंध येतो तो मामलेदाराशी. सरकारी नोकरीच्या अर्जाला लागणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हे सगळं मामलेदार कचेरीत. मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहिलेल्यांचे, दावेही तिथंच. आणि एक गोष्ट महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना सांगितली की ते चकित होतात: आमच्याकडे देवस्थानांचा प्रशासकही मामलेदारच असतो. पोर्तुगिजांनी १९३३ साली देवस्थानांसाठी कायदा केला, तोच आजही चालतो. देवळाच्या महाजनांनी, म्हणजे देवस्थानाच्या सदस्यांनी, आपली समिती निवडायची ती मामलेदाराच्या देखरेखीखाली, हिशेब त्यांच्याकडे द्यायचे, पालखीवरून वा मानावरून तंटा झाला तर धावायचं तेही त्यांच्याकडेच. जत्रेच्या दिवसांत मामलेदारांचा फोन सतत वाजत असतो. एका माणसाच्या टेबलावर जमिनीचे दावे, दाखले, मतदारयाद्या आणि देवाची पालखी एकत्र पडलेली असतात. मुंडकारांचे दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात ते उगाच नव्हे. मला वाटतं, या दाव्यांसाठी प्रत्येक तालुक्यात दुसरं काहीही काम नसलेला अधिकारी हवा.

दुसरी वाट पंचायतीची. ही खालून वर जाते आणि मतांवर चालते. मुक्तीनंतर लगेच, १९६२ च्या विनियमानं गोव्यात ग्रामपंचायती आल्या. आज चालतो तो १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा. राज्यात १९१ पंचायती आहेत. गाव प्रभागांत वाटलेलं, प्रत्येक प्रभागातून एक पंच, आणि निवडून आलेले पंच आपल्यातून सरपंच निवडतात. सरपंचाला लोक थेट मत देत नाहीत, त्यामुळे पाच-सात जणांत दोन माणसं इकडची तिकडे झाली की अविश्वास ठराव येतो आणि सरपंच बदलतो. गोव्यातली वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला या बातम्या पाठ असतात.

पंचायतीच्या कचेरीत रोज भेटतो तो सचिव. महाराष्ट्रात ज्याला ग्रामसेवक म्हणत आले तोच. तो पंचायत संचालनालयाचा नोकर, त्याची बदली होते, आणि त्याच्यावर तालुक्याला गटविकास अधिकारी असतो. घरपट्टी, दुकानाचा परवाना, बांधकाम परवाना, भोगवटा दाखला, कचरा, वाड्यावरचा दिवा ही कामं पंचायतीची. जमीन कुणाची, हे ठरवायचा अधिकार मात्र पंचायतीला मुळीच नाही. ती घरावर कर लावते, आणि कर भरणारा माणूस त्या घरात राहतो एवढंच तिच्या वहीत असतं. मावशीच्या डब्याचं कोडं मला इथं सुटलं. तिच्या पावत्या एका वाटेवरच्या, आणि बँक मागत होती तो कागद दुसऱ्या वाटेवरचा.

पंचायतीच्या वर महाराष्ट्रात पंचायत समिती येते. आमच्याकडे ती नाहीच. वीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या राज्यांना मधला थर वगळायची मुभा राज्यघटनेनं दिली आहे, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार ५४५ होती. म्हणून पंचायतीनंतर थेट जिल्हा पंचायत. उत्तरेची एक, दक्षिणेची एक, प्रत्येकी २५ सदस्य. पुण्या-कोल्हापूरहून आलेल्या नातेवाइकांना 'झेडपीची शाळा' हा शब्द घरचा वाटतो. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा शिक्षण खातं चालवतं, आरोग्य केंद्रं आरोग्य खातं चालवतं, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. जिल्हा पंचायतीच्या सदस्याच्या हाती उरतं ते एखादा गटार, संरक्षक भिंत, स्मशानभूमीची शेड, अंतर्गत वाटेचं डांबर. कायद्याच्या परिशिष्टात तिच्या नावे कामांची लांबलचक यादी आहे, पण पैसा आणि माणसं खात्यांनी आपल्याकडेच ठेवली. मी स्वतः दर खेपेस मत देतो. निवडून आलेल्या मंडळींना काम करायची इच्छा असते हेही पाहिलंय. त्यांच्या हाताला काही दिलं नाही, ही तक्रार मी मनापासून करतो.

शहरांचं थोडक्यात सांगतो. पणजीला महापालिका आहे, महापौर आणि आयुक्त असलेली, २००२ च्या स्वतंत्र कायद्यानं झालेली. म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुडचडे, केपे, सांगे, काणकोण आणि कुंकळ्ळी या तेरा ठिकाणी नगरपालिका, तिथं नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. गावात पंचायत जे करते तेच शहरात नगरपालिका करते.

या दोन वाटांच्याही आधीची एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे गावकरी. इथं हा शब्द गावातला माणूस या अर्थानं घेऊ नका. गावकरी ही संस्था. गावच्या मूळ घराण्यांनी मिळून जमीन कसायची, बांध राखायचे, उत्पन्नातून देवळाचा आणि गावाचा खर्च करायचा आणि उरलेलं वाटून घ्यायचं, अशी ती व्यवस्था. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, तिचे नियम लिहून काढले, आणि जाता जाता १९६१ सालीच शेवटची संहिताही केली. कोमुनिदादी आजही आहेत. म्हापसा, पणजी आणि मडगाव इथं त्यांचे प्रशासक बसतात. खाऱ्या पाण्यापासून खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं वाचवणारे मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) आणि बांध बघितले की लक्षात येतं, भरती-ओहोटीचं गणित सांभाळणारी ही संस्था किती हुशारीनं बांधलेली होती. पण तुमच्या घराखालची जमीन कोमुनिदादीची निघाली, तर पंचायतीचा घरक्रमांक आणि वीजमीटर असूनही मालक कोमुनिदादच. हजारो कुटुंबांना हे घर पडायला आल्यावर, दुरुस्तीचा अर्ज केल्यावर कळतं.

म्हणून साधं घर बांधायचं म्हटलं तरी फिरावं लागतं. जागा कशासाठी राखलेली आहे ते नगर नियोजन खात्याकडे पाहायचं, सनद महसुलाकडून, बांधकाम परवाना पंचायतीकडून. मोठ्या प्रकल्पाविरुद्ध ग्रामसभेत रविवारी लोक तावातावानं ठराव घेतात, आणि जमिनीचा झोन मात्र पणजीत ठरतो. ग्रामसभेला जाणं मी सोडलेलं नाही, कारण ठराव वहीत नोंदला गेला तर पुढं कोर्टात तो दाखवता येतो.

या सगळ्या रेघा एकमेकींवर नीट बसतही नाहीत. प्रियोळचं उदाहरण घ्या, जिथं मंगेशीचं देऊळ आहे. फोंडा तालुका १९८७ पासून उत्तर गोव्यात होता, २०१५ च्या जानेवारीत तो दक्षिण गोव्यात घातला. म्हणजे प्रियोळच्या माणसाची मामलेदार कचेरी फोंड्याला आणि जिल्हाधिकारी मडगावला. लोकसभेला मात्र तो उत्तर गोव्याच्या खासदाराला मत देतो, कारण प्रियोळ विधानसभा मतदारसंघ उत्तरेत आणि त्याच तालुक्यातले फोंडा, मडकई, शिरोडा हे दक्षिणेत. मंगेशीला नारळ वाढवायला येणाऱ्या भाविकाला याचं काही देणंघेणं नसतं. अर्जावर 'जिल्हा' हा रकाना भरणाऱ्या तिथल्या पोरांना मात्र आईवडिलांच्या जुन्या कागदांवर उत्तर गोवा आणि स्वतःच्या नव्या कागदांवर दक्षिण गोवा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, हे एकदा समजून घेतलं की घाबरायचं कारण नाही.

मावशीकडे परत येतो. आम्ही पहिल्यांदा काढला तो एक-चौदाचा उतारा. महाराष्ट्रात सातबारा, आमच्याकडे नमुना १ आणि १४, तोंडी एक-चौदा. आता तो ऑनलाइन मिळतो. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा माहीत असला की झालं. मोबाइलवर उतारा उघडला तेव्हा मावशी शेजारी बसली होती. वर कब्जेदाराच्या रकान्यात भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव होतं, जो तिनं आयुष्यात दोनदा पाहिला असेल. तिचा चेहरा उतरला. मी खाली सरकत गेलो. कुळाचा रकाना रिकामा. त्याखाली 'इतर हक्क', आणि तिथं तिच्या सासऱ्यांचं नाव, पुढं एकच शब्द: घर. सर्व्हेच्या वेळी कुणीतरी प्रामाणिकपणे नोंद करून ठेवली होती.

या एका ओळीवर मुंडकाराचा दावा उभा राहू शकतो. भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीनं घर करून राहिलेला तो मुंडकार, आणि १९७५ च्या कायद्यानं त्याला हुसकून लावायला बंदी केली, शिवाय घर आणि त्याभोवतीची जागा विकत घ्यायचा हक्क दिला. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत. त्यासाठी आधी मामलेदाराकडच्या नोंदवहीत मुंडकार म्हणून नाव लागावं लागतं, मग खरेदीचा अर्ज. कोण किती वर्षं तिथं राहतंय हे पुराव्यानं दाखवावं लागतं.

अर्ज लिहून देणाऱ्या वकीलबाईंनी विचारलं, "घरपट्टीच्या जुन्या पावत्या आहेत का काही?"

मावशीनं पिशवीतून डबा काढला. बँकेत ज्या पावत्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्या बाईंनी एकेक करून टेबलावर मांडल्या, वर्षांच्या क्रमानं, आणि सगळ्यात जुनी हातात धरून तारीख लावायला खिडकीच्या उजेडाकडे नेली. पहिल्या सुनावणीला मामलेदार कचेरीत गेलो तेव्हा झेरॉक्स माझ्याकडे होत्या. डबा मात्र मावशीनं सुनावणी संपेपर्यंत मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.